परमिटवर सही कोणाची

बायकोच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवताना मी जिते गावाजवळच्या एका शाळेची अख्खी स्मरणिका पुसून टाकली. नुसती पुसली नाही. तिची एकुलती एक नक्कल ज्या फ्लॉपीवर होती, ती फ्लॉपीही मी त्याच कामाला वापरून घेतली. चोर घर फोडतो तेव्हा तोसुद्धा देव्हाऱ्यातली निरांजनं मागे ठेवून जातो. मी तेवढंही ठेवलं नाही.

हे ज्यांच्यामुळे झालं ते आमचे साहेब. आणि ज्यांनी निस्तरलं तेही तेच. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही आणि नुसते आभार मानून मोकळंही होता येत नाही.

मी तेव्हा पेणला रामवाडीत राहायचो आणि गाडीने रोह्याला जाऊन-येऊन तिथल्या एका केमिकल कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. साहेब त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन नसायचं, टेस्टर असायचा. सही करायची वेळ आली की समोरच्याचं पेन मागायचे, सही ठोकायचे आणि मग ते पेन उघडून आतली स्प्रिंग बघायचे. पेन परत मिळायचं. स्प्रिंग मिळेलच असं नसायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चालतंय ना? मग उघडून बघू." बंद पडलेल्या वस्तूत त्यांना रस नव्हता. "बंद पडल्यावर काय, कोणपन उघडतो. चालू असताना उघडलं तर कळतं कसं चालतं ते." एका सहकाऱ्याच्या लग्नात आहेराच्या रांगेतून साहेब एकाएकी नाहीसे झाले. शोधायला गेलो तर मांडवामागे लाउडस्पीकरवाल्याचा अँप्लिफायर उघडून बसलेले, म्हणजे उभेच, आणि लाउडस्पीकरवाला हात जोडून म्हणतोय, "साहेब, वाजत होता ओ तो." मंगलाष्टकं भटजींनी बिनमाईकची म्हटली. जेवणाच्या पंगतीपर्यंत माईक लागला आणि पहिल्यापेक्षा खणखणीत लागला, हे खरं आहे, पण वरमाईला ते सांगायला जायची कोणाची हिंमत नव्हती.

त्यांच्या खोलीवर लोणच्याची एक मोठी बरणी होती. ती भरून स्क्रू. पंखे, रेडिओ, घड्याळं जोडून झाल्यावर जे उरायचे ते सगळे त्यात. "हे काय, साहेब?" म्हणून मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "कंपनीवाले जास्तीचे घालतात. आपण परत काढून ठेवायचे."

आणि हा माणूस बसायचा नाही. केबिनमध्ये खुर्ची होती, तिच्यावर जुने गेज ठेवलेले. चहा चालत प्यायचे. संध्याकाळी मला सोडायला म्हणून रोहा स्टेशनवर यायचे, तेही मला सोडायला नव्हे. फलाट लांब आहे म्हणून. गाडी येईपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या, आणि त्यांचं बोलणं अर्धवट सोडवत नाही म्हणून शेजारून मी, हातात डबा घेऊन. रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात ज्या म्हातारीकडे ते भाड्याने राहायचे, तिच्याकडे एकदा मी बायकोला घेऊन गेलो. साहेब अंगणात येरझाऱ्या घालत आमच्याशी बोलत होते. बायको म्हणाली, "बसा ना, साहेब." तर म्हातारी आतून म्हणाली, "तू बस गो बाय. त्याला सांगून उपेग नाय. माझी फरशी झिजली, पन तो बसला नाय."

आता एवढा चुळबुळा माणूस कारखान्यात काय उच्छाद मांडत असेल, असं कोणालाही वाटेल. तर तिथे उलटं. कारखान्यात परमिटाशिवाय ते टेस्टरसुद्धा खिशातून काढायचे नाहीत. आमच्याकडे पद्धत अशी होती की कुठलंही मशीन उघडायचं तर आधी त्यावर लाल टॅग लावायचा. हा टॅग म्हणजेच परमिट. त्यावर दोन सह्या. एक जो उघडणार त्याची, आणि दुसरी ज्याच्या ताब्यात ते मशीन आहे त्याची. दुसरी सही नसेल तर कोणाच्या काकाला हात लावता येणार नाही. कारण आत काय आहे, ते तापलंय का भरलंय, हे चालवणाऱ्याला माहीत. उघडणाऱ्याला नाही. एकदा एका फिटरने घाई म्हणून ऑपरेटरची सही स्वतःच केली. साहेबांनी त्याला काही शिक्षा केली नाही, फक्त पुढचा आठवडाभर भेटेल तिथे विचारत राहिले, "काय रे, आज कोणाच्या नावाने जेवलास?"

ही गोष्ट मला चांगली माहीत होती. टॅग माझ्याच स्टोअर्समधून जायचे.

लिनक्सचं वेड साहेबांना एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लागलं. नव्वदच्या दशकाची अखेर. कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, आणि विंडोज म्हणजे कोणाकडून तरी आणलेली सीडी, एवढीच पेण-रोह्याला माहिती. साहेब फलाटावर मला समजावायचे की विंडोजच्या जागी चालणाऱ्या या लिनक्समध्ये आतलं सगळं उघडं आहे. कोणीही बघावं, कोणीही दुरुस्त करावं. मी म्हटलं, "मग त्याचा मालक कोण?"

साहेब चालता चालता थांबले. ते थांबणं म्हणजे मोठी गोष्ट.

"आमच्या गावाला खाडीचा बांध हाय. त्याचा मालक कोण?"

ते मूळचे पेणच्या खाडीकाठचे, वडील मिठागरात.

"कोणच नाय. आणि फुटला तर? घरटी एक माणूस चिखल घेऊन हजर. ज्याचं शेत लांब हाय तोपन. पाणी आत आलं की ते कोणाचं शेत विचारत नाय. हे तसंच हाय. जगभरची माणसं चिखल टाकतायत."

गाडी आली. मी डब्यात चढलो आणि पेण येईपर्यंत माझ्या डोक्यात तो चिखल. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण एवढ्या मोठ्या बांधावर आपलीही चिखलाची एक पाटी पडावी, असं वाटायला लागलं. साहेबांची चुळबुळ संसर्गजन्य होती. घरी गेल्यावर मी उगाच पंख्याचा रेग्युलेटर उघडला. तो आजतागायत दोनवरच चालतो.

कॉम्प्युटर माझा नव्हता. बायको घरून लग्नपत्रिका, गणपतीच्या कारखान्यांची व्हिजिटिंग कार्डं, पोह्याच्या पापडांची लेबलं अशी मराठी अक्षरजुळणी करायची आणि छपाईला प्रेसकडे द्यायची. तिचं काम चांगलं होतं, पण पत्रिकेवर नाव नवऱ्या मुलाचं आणि पापडावर बचत गटाचं. तेवढ्यात त्या शाळेची स्मरणिका आली. शिक्षकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, गावकऱ्यांची मनोगतं, असं जाड पुस्तक. मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं होतं की शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी' म्हणून तुमचं नाव छापू. त्या एका ओळीसाठी ती महिनाभर पाठ मोडून टायपिंग करत होती. लोकांनी कागद दिले होते ते कसले, वहीची फाटकी पानं. टाइप झालं की ज्याचे त्याला परत जायचे किंवा बंबात जायचे.

मी साहेबांना म्हटलं, सीडी द्या. आमच्या कॉम्प्युटरवर टाकतो.

"विंडोज राहू दे बाजूला. दोघं एका डिस्कवर नांदतात," साहेब म्हणाले. "पण कॉम्प्युटर वहिनींचा ना? आधी त्यांची सही घे."

मला वाटलं विनोद केला. मीही विनोदाला कमी नव्हतो. बायको दोन दिवस माहेरी नागोठण्याला गेली तेव्हा मी स्टोअर्समधला एक लाल टॅग आणून मॉनिटरला बांधला, 'काम चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलं, उघडणाऱ्याच्या जागी माझी सही केली आणि ताबा असलेल्याच्या जागी तिची सही, तीही मीच, वळणदार. मग मागे सरून बघितलं. फार शोभून दिसत होता.

सुरुवात करायला एक फ्लॉपी लागते असं साहेबांनी सांगितलं होतं. खणात एक बिनलेबलची सापडली. ती घेतली. पुढे पडद्यावर इंग्रजीत बरंच काही येत गेलं. एका ठिकाणी त्याने विचारलं की डिस्कवरची सगळी माहिती नष्ट होईल, पुढे जायचं का? आता सांगायची गोष्ट म्हणजे माझं आयुष्य स्टोअर्समध्ये गेलं. तिथे पिंपापिंपावर कवटी आणि हाडं काढलेली असतात, धोका, जीवघेणं, लांब राहा. ते वाचत बसलो तर संध्याकाळपर्यंत एक पिंप हलणार नाही. मी 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी बायको आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने टॅग बघितला, त्यावरची स्वतःची सही बघितली, मग कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजी 'एल' आणि 'आय' अशी दोन अक्षरं उमटली आणि तिथेच थांबली. म्हणजे मी स्मरणिका पुसली होती आणि लिनक्सही आलं नव्हतं.

"माझी फाइल?"

मी म्हटलं, "असेल की आत कुठे तरी."

"आणि खणातली फ्लॉपी?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बोलायचं ते गॅसच्या शेगडीला सांगायची. "त्यांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." "त्यांना सांग, प्रेसवाल्यांचा निरोप आलाय, कार्यक्रमाची तारीख ठरली, पानं कधी देता विचारतायत." शेगडी मला सांगायची नाही, पण मला ऐकू यायचं. एकदा मला वाटलं ती रडत असेल, म्हणून आत गेलो. ती रडत नव्हती. ओट्यावर बोटं आपटत होती, टाइप करावं तशी. आठवतंय का ते बघत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं.

अष्टमीला म्हातारीच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. तिथे निरोप ठेवला, 'कॉम्प्युटर गेला, स्मरणिका गेली.' त्या रविवारी पहिल्या गाडीने साहेब दारात. हातात पंचा, पंचात गुंडाळलेली त्यांची स्वतःची हार्ड डिस्क. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कशाला..." तर म्हणाले, "बांध फुटला म्हटल्यावर काय घरी बसायचं?"

कॉम्प्युटरकडे न बघता त्यांनी आधी टॅग हातात घेतला.

"परमिटवर सही कोणाची?"

"हिची," मी म्हटलं.

"वहिनी, ही तुमची सही?"

"मी नागोठण्याला होते," बायको म्हणाली.

साहेबांनी टॅग सोडवला, घडी करून खिशात टेस्टरच्या मागे ठेवला आणि माझ्याकडे बघून नुसतं विचारलं, "आज कोणाच्या नावाने जेवलास?"

मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला, आपली डिस्क जोडली. "आता त्या जुन्या डिस्कवर कोणी कायपन लिहायचं नाय. हा तर तिच्याकडे बघणारपन नाय," हे माझ्यासाठी. त्यांच्या डिस्कवरचं लिनक्स सुरू झालं. त्यांचं म्हणणं असं होतं की पुसलं म्हणजे जातं असं नाही. घराची पाटी काढली तरी माणसं आतच असतात. जिथे नवीन काही लिहिलं गेलं तेवढं गेलं, बाकी तिथेच पडलंय, फक्त कुठे ते कोणाला माहीत नाही. डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एखादा शब्द शोधत जायचं.

"कुठला शब्द?" मी विचारलं.

"स्मरणिका शाळेची ना? 'शाळा' शोधू."

पण यात मेख होती. त्या काळी मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे. कॉम्प्युटरच्या पोटात 'शाळा' नव्हतीच. 'शाळा' दिसावी म्हणून दाबलेल्या इंग्रजी कळा होत्या. साहेबांना त्या माहीत नव्हत्या.

"वहिनी, 'शाळा' लिहायला काय काय दाबता?"

बायकोला एकदम सांगता येईना. "तोंडाने नाही येत," ती म्हणाली. कीबोर्ड पुढे घेतला, डोळे मिटले आणि बोटांनी टकटक केलं. पडद्यावर काही तरी अरबट-चरबट उमटलं. साहेबांनी तेच शोधायला लावलं.

डिस्क कुरकुरत राहिली. पडदा काळा. साहेबांना राहवेना. त्यांनी मिक्सर उघडला. मग नळाची चकती बदलली. मग माझा दोनवरचा रेग्युलेटर बघितला आणि "हे कोणी केलं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता पुढे गेले. बायको दोनदा म्हणाली, "साहेब, बसा की." "बसलो की सुचत नाय," ते म्हणाले. ओट्यावर मिक्सरचा एक स्क्रू उरला. तो त्यांनी खिशात टाकला.

मग पडद्यावर ओळी यायला लागल्या. अर्थ नसलेल्या, इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांच्या, पण भराभर, एकीखाली एक. त्यात ती 'शाळा' पुन्हा पुन्हा. बायको वाकून बघत होती. "ही लांब ओळ... हे शिपाईमामांचं आहे. त्यांनी प्रत्येक वाक्यात 'आमची शाळा' लिहिलंय. मी कंटाळले होते टाइप करताना."

मी साहेबांकडे बघितलं. ते आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. चक्क बसले होते, मिक्सरचं झाकण मांडीवर घेऊन. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं बघत होतो. बायकोचं लक्ष नव्हतं. मी तिला सांगणार होतो, पण तेव्हा मला बोलायची परवानगी नव्हती.

तुकडे सापडले, साहेबांनी ते फ्लॉपीवर उतरवून दिले, पण कुठलं कशाला जोडायचं याचा पत्ता नाही. बायकोने विंडोज परत घालून घेतलं, तुकडे आपल्या मराठीत वाचले, आणि जोडायच्या कामाला शिक्षा म्हणून मला बसवलं. मी मन लावून काम केलं. संस्थेच्या अध्यक्षांचा परिचय अर्धा होता, त्याला एक शेवटचा तुकडा छान बसला. बायकोने प्रूफ वाचलं आणि थेट माझ्याशी, शेगडीला मध्ये न घेता, बोलली.

"अहो, हे अध्यक्ष जिवंत आहेत."

मी म्हटलं, "आहेत की. परवाच बाजारात दिसले."

"मग 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो' हे तुम्ही कोणाला लावलंय?"

तो तुकडा दिवंगत शिक्षकांच्या पानावरचा होता. जोडकाम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. पण ती माझ्याशी बोलली, हे मी कमावलं.

साहेबांना मात्र एक गोष्ट लागून राहिली. विंडोज परत घालताना बायको सहज म्हणाली होती, "तुमचं लिनक्स चांगलं आहे, साहेब, पण त्याला माझी भाषा येत नाही." ते पुढच्या रविवारी पुन्हा आले, आलेखाच्या कागदांची गुंडाळी घेऊन. "वहिनी, रांगोळीचे ठिपके कसे घालता?" मग ते आमच्या पडवीत, चालता चालता, मधेच भिंतीला कागद टेकवून, एकेका चौकोनात ठिपका भरत मराठी अक्षरं काढायला लागले. 'क'चं पोट किती ठिपक्यांचं, 'ळ'च्या दोन गाठी सारख्या कशा येतील, यावर बायकोशी वाद. "हा 'ळ' नाही साहेब, हे चकलीचं पिल्लू आहे." मुळाक्षरं झाली. जोडाक्षरांपाशी गाडी अडली. 'क्ष' त्यांनी कितीदा काढला असेल. मी पाटीभर चिखल टाकायचा म्हणून एक 'श्र' काढून दिला. त्यांनी तो बघितला आणि बरणीतल्या स्क्रूसारखा बाजूला ठेवला.

पुढे वर्षभराने त्यांनी कारखाना सोडला. कारण विचारलं तर म्हणाले, "चालतंय सगळं." गुजरातेत कुठे तरी गेले असं ऐकलं, मग तिथूनही पुढे. जाताना बरणी माझ्याकडे ठेवून गेले. "कशात तरी लागतील," म्हणाले. मी ती अजून उघडलेली नाही. तेवढं शिकलोय.

पण मला शेवटी सांगायचा आहे तो स्मरणिकेच्या प्रकाशनाचा दिवस. शाळेच्या अंगणात मांडव. अध्यक्ष हयात आणि हसतमुख. साहेब रोह्याहून आले होते, अर्थात शेवटच्या रांगेमागे येरझाऱ्या घालत. बायकोला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला. ती उतरून आमच्याकडे आली तेव्हा तिने आधी शेवटचं पान उघडलं. 'अक्षरजुळणी' आणि पुढे तिचं नाव. त्याखाली 'विशेष साहाय्य' म्हणून साहेबांचं. ती त्या ओळीवर बोट फिरवत राहिली. मला बरं वाटलं. खरं सांगतो, त्या घटकेला मला इतकं बरं वाटलं की आपणही त्यात कुठे तरी आहोत असं वाटायला लागलं, आणि मी विचारलं, "माझं नाव कुठेच नाही का?"

बायकोने साहेबांकडे बघितलं. सगळं काही परत मिळालं नव्हतं. दोन आठवणी माझ्या त्या अर्धवट लिनक्सखाली कायमच्या गेल्या होत्या. त्या लिहिणारी माणसं मुंबईला, कागद बंबात. त्या जागी बायकोने वर फक्त 'आपली आठवण येथे लिहावी' एवढं छापून पानं मोकळी सोडली होती. लोकांना ती कल्पना फार आवडली होती.

साहेबांनी चालता चालता तिच्या हातातून स्मरणिका घेतली, मधोमध उघडली आणि माझ्यापुढे धरली.

"नाव नाय, पण काम हाय ना. ही दोन कोरी पानं दिसतायत? ही तुझी."